पाठलाग होतोय आणि कोणी मानत नाही: सोलापुरात सुरुवात कुठून करायची

पाठलागातली कुठलीही एक घटना सुटी सांगितली की क्षुल्लक वाटते. कोपऱ्यावर उभा होता. गाडी हळू केली. मिस्ड कॉल दिला. क्लासच्या दारात दोनदा दिसला. यावर घरचे म्हणणार, "अगं, रस्ता काय तुझ्या एकटीचा आहे का?" आणि त्या एका घटनेपुरतं त्यांचं चुकतंय असंही नाही. अशाच वीस घटना तारीख-वेळेसह एकाखाली एक लिहिल्या की मात्र तेच घरचे गप्प होतात. ठाण्यातला अंमलदारही तेव्हाच पेन उचलतो. म्हणून "माझ्यावर विश्वास ठेवा" ही विनवणी सोडून "हे तपासून बघा" असं म्हणता येईल इथपर्यंत पोहोचायचं आहे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आत्ता या क्षणी कोणी मागे असेल तर

घराकडे वळू नका. घर माहीत नसेल तर तुम्हीच ते दाखवाल. उजेड आणि माणसं असलेल्या जागी आत शिरा: औषधाचं दुकान, पेट्रोल पंप, हॉस्पिटलचा तातडीचा विभाग, एसटी स्टँड. दारात उभं राहू नका, काउंटरपर्यंत जा. काउंटरवरच्या माणसाला थेट सांगा, "तो निळा शर्टवाला माझ्या मागे आहे, मी इथून पोलिसांना फोन लावतेय." नुसतं "मला मदत करा" म्हटलं तर काय करायचं ते लोकांना कळत नाही. माणूस दाखवला की कळतं.

मग ११२ लावा. आधी जागा सांगा, बाकी नंतर. "सात रस्ता, अमुक मेडिकलच्या आत" असं खुणेसकट बोला, कारण फोन मध्येच कट झाला तरी तेवढं पोहोचलेलं असतं. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं तरी आपत्कालीन कॉल लागतो. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीन किंवा पाच वेळा दाबायचं असतं. तुमच्या फोनवर नेमकं किती वेळा, ते आजच सेटिंग्जमध्ये बघून ठेवा. रस्त्यात घाबरलेल्या हातांनी ते शोधता येत नाही.

रिक्षात असाल तर चालकाला उतरायची जागा बदलून सांगा: जवळचं पोलीस ठाणं. शहरात सात ठाणी आहेत: फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, एमआयडीसी, विजापूर नाका आणि सलगर वस्ती. आपल्या रोजच्या रस्त्यावर यातलं कुठलं लागतं ते पाठ असू द्या.

योगायोग की पाठलाग: आधी स्वतःची खात्री

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर अडकतात. सोलापूर काही फार मोठं शहर नाही. रोज साडेनऊला पार्क चौकातून जाणाऱ्याला तीच पाच-सात तोंडं रोज दिसणारच. म्हणून वेळ आणि जागा बदलून बघा. तीन-चार दिवस नेहमीपेक्षा पाऊण तास आधी निघा. एकदा जुळे सोलापूरहून आसरा चौकाऐवजी दुसऱ्या वाटेने या. रविवारी एखाद्या नातेवाइकाकडे अचानक जा, आधी कुणाला न सांगता. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन ठिकाणी तोच माणूस दिसला तर योगायोग म्हणायला फारशी जागा उरत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मात्र ही चाचणी करू नका. तेव्हा अख्खं सोलापूर होम मैदानावर असतं, आणि तिथे कोणीही कितीही वेळा दिसू शकतो.

काहींना वेळ बदलणं शक्यच नसतं. विडीचा माल जमा करायला जाणारी बाई, शिफ्टला जाणारी नर्स, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला असणारी मुलगी, यांची वेळ दुसरेच ठरवतात. त्यांनी वेळेला हात न लावता सोबत बदलावी. दोन दिवस एकटीने, दोन दिवस शेजारणीबरोबर, एक दिवस भावाच्या गाडीवर. सोबत असताना जो गायब होतो आणि एकटी दिसली की उगवतो, त्याचा तो हिशेब पुरेसं सांगतो.

आणि चाचणीत काहीच निघालं नाही तर? तर तेही लिहून ठेवा. भीती खरीच असते, तिचं कारण वेगळं असू शकतं. झोप उडालेली असेल, प्रत्येक आवाजाला दचकायला होत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या नंबरावर मोफत बोलता येतं. तो फोन केला म्हणजे "मनातलेच खेळ" असं कबूल केलं असं होत नाही. खरोखर पाठलाग होणाऱ्या बायकांनाही नेमकी हीच लक्षणं होतात.

एकदाच, आणि स्पष्ट "नाही"

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुनं भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड लागतं. ते २०१३ साली, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर आलं. त्याआधी पाठलाग असा वेगळा गुन्हाच नव्हता, हे ठाण्यातल्या जुन्या मंडळींशी बोलताना लक्षात ठेवलेलं बरं. कलमाची भाषा अशी: स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवूनही जो पुरुष वारंवार तिच्या मागे जातो आणि संपर्क करतो किंवा करू बघतो; किंवा तिचा इंटरनेट, ईमेल, फोनवरचा वावर पाळतीवर ठेवतो.

यातले दोन शब्द तुमच्या कामाचे आहेत: "स्पष्ट" आणि "वारंवार". ओळखीचा माणूस असेल तर नकाराची नोंद हवी. एकच मेसेज पाठवा: "मला तुमच्याशी कोणताही संपर्क ठेवायचा नाही. फोन, मेसेज करू नका, माझ्या मागे येऊ नका. यापुढे केलंत तर पोलिसांत तक्रार देईन." त्यात सॉरी नको, कारण नको, "सध्या तरी" नको, हसरा इमोजी तर नकोच. पुढे वकील या मेसेजचा शब्दन् शब्द वाचतो.

त्यानंतर उत्तर देणं पूर्ण बंद. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. एकोणतीस कॉल सोडले आणि तिसाव्याला वैतागून "प्लीज बंद कर" म्हटलं, तर त्याला एवढंच कळतं की तीस कॉल केले की ती बोलते. पुढच्या वेळी तो तीस करतो. शिवी देण्यासाठीसुद्धा उत्तर नको.

अनोळखी माणूस असेल आणि समोर जायची भीती वाटत असेल तर नकार द्यायला जाऊ नका. मान फिरवणं, रस्ता बदलणं, सोबतच्या माणसाने हटकणं, यातूनही नापसंती दिसते. फक्त ते वहीत उतरलेलं असावं. एक अडचण मात्र आहे. नुसता मागे चालतो, बोलत नाही, काही पाठवत नाही, अशा माणसाला कलम ७८ लावताना पोलीस खळखळ करतात, कारण कलमात संपर्काचा प्रयत्नही अपेक्षित आहे. म्हणून शीळ, चिठ्ठी, फ्रेंड रिक्वेस्ट, मैत्रिणीकडे नंबर मागणं, दारात ठेवलेलं चॉकलेट असलं काहीही झालं तर ते न चुकता नोंदवा.

वही

शिवलेली, पानांना क्रमांक असलेली शंभर पानी वही घ्या. स्पायरल नको, त्यातलं पान फाडलं तर कळत नाही आणि समोरचा वकील नेमकं तेच विचारतो. निळ्या किंवा काळ्या बॉलपेनाने लिहा. घटना घडली त्याच दिवशी, झोपायच्या आधी. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहा, व्हाइटनर लावू नका.

नोंद अशी असावी:

"मंगळवार, तारीख. संध्याकाळी ६.४५. अशोक चौक, रिक्षा थांबा. काळी दुचाकी, एमएच १३, शेवटचे आकडे चार-शून्य-दिसले नाहीत. निळा टी-शर्ट, दाढी. साधारण वीस फुटांवर उभा. मी रिक्षात बसल्यावर कन्ना चौकापर्यंत मागे आला. बोलला नाही. सोबत मैत्रीण होती, तिने पाहिलं. फोटो नाही. रात्री ८ वाजता आईला सांगितलं."

"विकृत", "घाणेरडा", "मला खाऊन टाकेल असं बघत होता" असलं या वहीत नको. जे दिसलं, ऐकू आलं तेवढंच. जे दिसलं नाही तेही लिहा, कारण "आकडे दिसले नाहीत" असं लिहिणारी बाई खोटं रचत नाही हे वाचणाऱ्याला आपोआप पटतं. पासिंगही बघा: एमएच १३ सोलापूरचं, एमएच ४५ अकलूजचं. गाडी बाहेरगावची असेल तर तो इकडे रोज का येतो, हा प्रश्न पोलिसांनाही पडतो. गाडीचा मालक कोण हे स्वतः शोधत बसू नका, नंबर दिला की ते काम त्यांचं.

दर आठ दिवसांनी नव्या पानांचे फोटो काढून विश्वासातल्या एका व्यक्तीला पाठवा. वही हरवली, कुणी फाडली, तरी फोटो कधी पाठवला ती तारीख राहते. वही घरात कोणाच्या हाती लागू नये असं वाटत असेल तर ती मैत्रिणीकडे किंवा कामाच्या जागी कुलपात ठेवा.

पुरावा जसाच्या तसा कसा राहील

मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना वर सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर नाही. "पिंट्या ऑफिस" या नावाला कोर्टात काही अर्थ नाही. त्याची प्रोफाइल उघडून नंबर दिसणारा दुसरा स्क्रीनशॉट घ्या. मग दुसऱ्या फोनवरून सगळं चॅट हळूहळू सरकवत व्हिडिओ काढा, आणि व्हॉट्सॲपमधून चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. हे सगळं ब्लॉक करण्याआधी. ब्लॉक करणं चुकीचं नाही, पण ब्लॉक केल्यावर धमक्या नव्या नंबरावरून येतात आणि जुन्या नंबराशी त्यांचा धागा जोडायला काही उरत नाही. कुठल्याही परिस्थितीत फोन फॉरमॅट करू नका आणि एक्स्चेंजमध्ये देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हातात असला की ते काम सोपं होतं.

सीसीटीव्हीचं गणित वेळेचं आहे. दुकानांचे डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी यंत्रं, जागा भरली की जुनं चित्रण पुसून नवं घेतात. कुठे आठवडा टिकतं, कुठे महिना. पोलीस येतील तेव्हा मागतील म्हणून थांबलात तर बहुतेकदा हाती काही लागत नाही. त्याच दिवशी दुकानदाराला भेटा. दिवस आणि अर्ध्या तासाची वेळ सांगा, "सगळं दाखवा" म्हणू नका. पेनड्राइव्ह स्वतःचा न्या. मॉनिटरवरचं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. डीव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं, कधी एक दिवस मागे-पुढे असतं, आणि हा फोटो नसेल तर तुमची वही खोटी ठरते. दुकानदार नाही म्हणाला तर भांडू नका. दुकानाचं नाव, कॅमेऱ्याची दिशा आणि तो नाही म्हणाला ती वेळ वहीत लिहा, आणि "हे चित्रण जतन करून घ्यावं" असं एक वाक्य पोलिसांच्या अर्जात टाका.

त्याला सगळं आधीच कसं कळतं?

तुम्ही कुठे जाणार हे त्याला आधीच माहीत असेल, तर गूढ फार थोड्या जागी असतं. आधी व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडा; तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर स्क्रीनशॉट घेऊन मगच लॉगआउट करा. मग गूगल खात्यात सिक्युरिटीखाली तुमची उपकरणं, आणि गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग. आयफोनवर सेफ्टी चेक. अँड्रॉइडवर प्ले प्रोटेक्ट बंद केलेलं आढळलं, किंवा ॲक्सेसिबिलिटीमध्ये तुम्ही न टाकलेलं ॲप चालू दिसलं, तर संशयाला जागा आहे. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. त्याच फोनवर बदललेत तर नवा पासवर्डही त्याला मिळेल. फोन कधी कोणाच्या हातात होता, कोणी "सेट करून" दिला होता, हे आठवून लिहा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं, हॅकर वगैरे कोणी नसतो.

स्कूटीला जीपीएस लावलेला असू शकतो. डिक्कीतली मॅट उचला, सीटखाली, बॅटरीजवळ, पुढच्या पॅनलच्या आत बघा. बॅटरीच्या वायरला जोडलेली आगपेटीएवढी डबी दिसली तर विश्वासातल्या मेकॅनिकला दाखवा. छोटे ब्लूटूथ ट्रॅकर अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या सेफ्टी अँड इमर्जन्सीत, अननोन ट्रॅकर अलर्ट्समध्ये शोधता येतात. सापडलं तर फेकू नका. जागेवरच फोटो घ्या आणि गाडीसकट ठाण्यात जा. जीपीएसच्या डबीत सिमकार्ड असतं, आणि सिम कुणाच्या तरी नावावर असतंच. काढून टाकलंत तर त्याला लगेच कळेल की तुम्हाला कळलंय.

नंबर फुटायच्या गावठी जागाही आहेत: रिचार्जच्या दुकानात मोठ्याने सांगितलेला नंबर, झेरॉक्सवाल्याकडे राहिलेली आधारची खराब प्रत, पार्सलवरचं न फाडलेलं लेबल. स्टेटस टाकायचं तर ती जागा सोडल्यावर.

घरी सांगणं

अनेकींचा पाय इथे अडतो, आणि कारण रास्त असतं. घरी कळलं तर कॉलेज बंद, नोकरी बंद, किंवा घाईने स्थळ. शिवाय "टाळी एका हाताने वाजत नाही" हे ठरलेलं वाक्य. म्हणून सगळ्या घराला एकदम सांगू नका. एक माणूस निवडा. तो सगळ्यात प्रेमळ असायची गरज नाही, सगळ्यात थंड डोक्याचा हवा. मावशी, वहिनी, चुलतभाऊ, कोणीही. त्याला भीती सांगण्याआधी वही वाचायला द्या. मग विश्वास मागू नका, काम मागा: "मंगळवारी आणि गुरुवारी पावणेसातला अशोक चौकात समोरच्या हॉटेलात चहा पीत बस. माझ्याकडे येऊ नकोस. फक्त बघ." डोळ्याने पाहिलेला एक माणूस घरात तयार झाला की बाकीच्यांशी तोच बोलतो, आणि पुढे साक्षीदारही तोच होतो.

एक गोष्ट मात्र आधीच वदवून घ्या: कोणीही त्याला गाठून मारणार नाही. सोलापुरात पहिली प्रतिक्रिया "पोरं पाठवतो, समजावतो" हीच असते. चार पोरं गेली, दोन कानाखाली बसल्या, की तो सिव्हिलला जाऊन जखमांची नोंद करून घेतो आणि तुमच्या भावावर मारहाणीचा गुन्हा दाखल होतो. मग तुमची फिर्याद "भांडणातून दिलेली खोटी तक्रार" वाटायला लागते. आमचं मत विचाराल तर भावाला आवरणं हे वहीइतकंच महत्त्वाचं काम आहे.

वडील किंवा नवरा "तू बाहेरच पडू नकोस" म्हणाले तर त्यांना इतकंच विचारा की घरी बसल्यावर फोन येणं थांबेल का. पाठलाग करणाऱ्याला घर माहीत असेल तर घरात कोंडून घेण्याने त्याचं काम सोपं होतं, कारण आता ती कुठे आहे हे शोधावंही लागत नाही.

ठाण्यात: अर्ज नाही, फिर्याद

ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदार म्हणेल, "अर्ज देऊन जा, चौकशी करतो." अर्ज आणि फिर्याद यांत फरक आहे. अर्ज चौकशीवर राहतो, महिनोन् महिने. फिर्यादीवर गुन्हा नोंदतात, त्याला क्रमांक मिळतो. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो असा. "एनसी (अदखलपात्र नोंद) करून घेतो" असं म्हणाले तर शांतपणे सांगा, "साहेब, कलम ७८ दखलपात्र आहे, मला फिर्याद द्यायची आहे." पहिल्या वेळी शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड, जामीनपात्र. पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत, अजामीनपात्र.

सोबत न्या: वही आणि तिच्या दोन झेरॉक्स, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, नकाराचा मेसेज सगळ्यात वर, चित्रणाचा पेनड्राइव्ह, आधार, आणि दीड पानाचा टाइप केलेला मजकूर. त्यात पहिली घटना, नकाराची तारीख, सगळ्यात गंभीर तीन घटना, सगळ्यात अलीकडची घटना, साक्षीदार आणि शेवटी मागणी. चाळीस घटना तोंडी सांगू लागलात की ऐकणारा पाचव्याला थकतो.

या गुन्ह्यात जबाब महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. तशी मागणी करा. तेलुगू किंवा कन्नड घरात वाढलेल्यांनी, विशेषतः पूर्व भागातल्या, एक काळजी घ्यावी: जबाब मराठीत लिहिला जातो, तो सगळा वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा, मगच सही. "मागे मागे येतो" याचं "ओळखीचा आहे" झालेलं असू शकतं. सही झाल्यावर प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत मोफत मिळते, ती हातात घेतल्याशिवाय निघू नका.

हद्दीचा वाद निघाला, "हे जेल रोडला जा", "हे ग्रामीणला येतं", तर शून्य क्रमांकाने गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करू शकतात, पण ती १४ दिवसांत संपवायची असते. "चौकशी चालू आहे" म्हणाले तर कधी सुरू झाली ती तारीख विचारून वहीत लिहा.

त्याने अश्लील बोलणं, हावभाव केले असतील तर तेही जबाबात यायला हवं. तिथे कलम ७९ लागतं. त्याचा आणखी एक उपयोग आहे. कलम ७९ ची खबर नोंदवून घ्यायला नकार देणं हा लोकसेवकाचा कलम १९९ खालचा गुन्हा आहे. त्या यादीत कलम ७८ मात्र नाही.

गुन्हा नको, फक्त तो थांबायला हवा असं वाटत असेल तर दामिनी किंवा निर्भया या पोलिसांच्या महिला सुरक्षा पथकांकडून त्याला बोलावून समज देता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १६८ ची नोटीस देता येते, किंवा चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई) करून नीट वागण्याचं बंधपत्र घेता येतं. एखाद्या कॉलेजवयीन पोरासाठी हे कधी कधी पुरतं. पण "तोंडी समज दिली" यावर थांबू नका. कागदावर काही आहे का ते विचारा, नसेल तर निदान अर्जाची पोहोच, शिक्का आणि आवक क्रमांकासह घ्या.

नाहीच घेतलं तर

तोच मजकूर, वर "ठाण्याने फिर्याद घेतली नाही, तारीख अमुक" एवढी ओळ घालून, शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण भागात, म्हणजे मोहोळ, अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडे, पोलीस अधीक्षकांना पाठवा. स्पीड पोस्टाने, आणि पावती वहीत चिकटवा. ही पायरी गाळून थेट न्यायालयात गेलात तर अर्ज तिथेच अडतो. त्यानंतरही हालचाल नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली, शपथपत्रासह, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक. राहायचीच अडचण झाली तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसरा, समुपदेशन आणि पोलिसांकडे जायला सोबत मिळते. १८१ या महिला मदत क्रमांकावर विचारा. ऑनलाइन छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

माणूस कामाच्या ठिकाणचा असेल तर पोलिसांबरोबरच तिथल्या अंतर्गत समितीकडेही (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती) जा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. दहापेक्षा कमी कामगारांच्या जागी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. कॉलेजातही अशी समिती असतेच. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, लागतो. वारंवार मागे जाणं त्यात वेगळं नमूद आहे, आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवता येतं. माजी नवरा असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागा, तो मोडणं हाच गुन्हा ठरतो.

कधी वाट बघायची नाही

मारण्याची किंवा आत्महत्येची धमकी. "माझी नाही तर कुणाचीच नाही." ॲसिडचा उल्लेख, चेष्टेतसुद्धा. गाडीची, दाराची नासधूस. आठवड्याला एकदा दिसणारा रोज दिसू लागणं. पूर्वी जवळचं नातं असणं. आणि तुमचा साखरपुडा, लग्नाची तारीख किंवा बदली त्याला कळणं. हे दिवस सगळ्यात जास्त जोखमीचे. यातलं काहीही दिसलं तर वही पूर्ण व्हायची वाट बघू नका, आहे त्या तीन पानांनिशी ठाण्यात जा. १९९६ साली दिल्लीत मारली गेलेली प्रियदर्शिनी मट्टू हिने आधी वारंवार पोलिसांत तक्रारी केल्या होत्या. म्हणून "तक्रार दिली आहे" यावर विसंबून सोबत सोडू नका. त्या दिवसांत एकटं राहणं टाळा, वॉचमन आणि शेजाऱ्यांना त्याचा फोटो दाखवा, शाळेत जाणारं मूल असेल तर शाळेला लेखी कळवा की कोणाच्या हाती द्यायचं. पेपर स्प्रे ठेवा, पण पर्सच्या तळाशी नाही. वाऱ्याची दिशा बघून फवारा आणि पळा, परिणाम बघत थांबू नका.

गुन्हा नोंदल्यानंतर

तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तारीख वहीत लिहा आणि स्वतः जाऊन विचारा. साक्षीसाठी महिलेला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो; "संध्याकाळी ठाण्यात या" असा फोन आला तर हे सांगा. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब जमेल तितक्या लवकर होऊ द्या, नंतर कोणी दबाव आणला तरी तो टिकतो. पोलिसांनी फोन जप्त केला तर आधी बॅकअप, मग पंचनाम्याची प्रत.

दबाव येतोच. त्याचे आई-वडील, गल्लीतले पुढारी, दोन्हीकडचा ओळखीचा कोणी: "पोराचं आयुष्य बरबाद होईल, माफीनामा लिहून देतो." या गुन्ह्यात परस्पर तडजोड करून खटला काढून घेता येत नाही, हे त्यांना सांगायला हरकत नाही. बैठकीला एकटीने जाऊ नका, आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. माफीनामा घेतलाच तर त्यात त्याने नेमकं काय केलं ते तारखांसह त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, एक प्रत वकिलाकडे ठेवा. वही चालूच राहू द्या. सहा महिन्यांनी तो पुन्हा सम्राट चौकात उभा दिसला, तर त्याच दिवशी ती नोंद आणि तो माफीनामा घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जा.